ठिगळ लावणारे आणि ठिगळ पारखणारे

‘बारभाईची शेती, काय लागेल हाती’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. शेत बारा जणांचे झाले, की नांगर कोणी धरायचा आणि राखणीला कोणी बसायचे यावरच हंगाम निघून जातो, असा तिचा अर्थ. म्हणी अनुभवातून जन्मतात; तेव्हा तीत तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संगणकाच्या क्षेत्रात अशी एक बारभाईची शेती पिकली आहे, की तिच्या पिकावर आज साऱ्या जगाचा व्यवहार चालतो. ती का पिकली, याचा विचार विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनीही करावा, असे मला वाटते; कारण या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर अपुरे आहे.

१९९१ सालच्या ऑगस्ट महिन्यात फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले, की आपण हौसेखातर संगणकाची एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. पुढच्याच महिन्यात त्याने तिचा गाभा, म्हणजे कर्नल, सर्वांसाठी खुला केला. त्यात सुमारे १०,००० ओळी होत्या. ‘लिनक्स’ या नावाने जग ओळखते तो हाच गाभा. आज त्यात ३ कोटींहून अधिक ओळी आहेत. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्रत्येक मोबाइल फोनच्या पोटात तो असतो. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध होते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ २०२० मध्ये याच यादीत झळकला. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळाच्या विरळ हवेत ‘इंजेन्युइटी’ नावाचे छोटे हेलिकॉप्टर उडाले, त्यातही लिनक्सच होते.

हे शेत कोणा एकाच्या मालकीचे नाही. १९९२ पासून लिनक्सला ‘जीपीएल’ नावाचा परवाना लागू आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची जी चळवळ सुरू केली, तिच्यातून हा परवाना जन्माला आला. त्यानुसार आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा आणि इतरांना द्यावा. मात्र बदललेली आज्ञावली दुसऱ्याला देताना तिचा मूळ मजकूरही खुला ठेवावा.

मग ही शेती पिकली कशी? ‘हजारो लोकांनी मदत केली म्हणून’ असे उत्तर आपण ऐकतो. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. हजारो लोकांनी हजारो ठिकाणी हवा तसा हात घातला असता, तर म्हणीत सांगितले तेच झाले असते. माझे मत असे आहे, की या यशाचे निम्मे श्रेय लिहिणाऱ्यांचे असेल, तर उरलेले निम्मे दुसऱ्याने लिहिलेले बारकाईने वाचणाऱ्यांचे आहे. आणि नेमकी हीच दुसरी जात दुर्मिळ आहे, दुर्लक्षित आहे, व तिच्यावाचून पुढे मोठा अनर्थ ओढवू शकतो.

ठिगळ म्हणजे काय?

पूर्वी संगणकाला द्यावयाच्या आज्ञा कागदी फितीवर छिद्रे पाडून नोंदवीत. एखादी आज्ञा चुकली, तर फितीचा तेवढाच भाग कापून तेथे दुरुस्त तुकडा चिकटवीत. यालाच इंग्रजीत ‘पॅच’, म्हणजे ठिगळ म्हणू लागले. फिती गेल्या, शब्द राहिला. १९८५ मध्ये लॅरी वॉल या अमेरिकन आज्ञावलीकाराने ‘पॅच’ याच नावाची एक छोटी आज्ञावली लिहून सर्वांना वाटली. तिच्यामुळे मोठ्या आज्ञावलीची संपूर्ण प्रत पाठविण्याची गरज उरली नाही. बदललेल्या ओळी तेवढ्या पाठवाव्यात, आणि त्या योग्य जागी बसविण्याचे काम घेणाऱ्याच्या संगणकाने करावे, अशी सोय झाली.

उदाहरण घेऊ. शाळेचा निकाल तयार करणारी एक आज्ञावली आहे. शंभरपैकी ३५ गुणांना विद्यार्थी उत्तीर्ण होतो. एका मुलीच्या लक्षात येते, की बरोबर ३५ गुण मिळविणाऱ्यांना ही आज्ञावली नापास करीत आहे. तिने पाठविलेले ठिगळ असे दिसेल :

− गुण > ३५ असल्यास ‘उत्तीर्ण’ लिही
+ गुण ≥ ३५ असल्यास ‘उत्तीर्ण’ लिही

वजाचिन्हाची ओळ काढायची, अधिकचिन्हाची घालायची, इतकेच. पण ठिगळाबरोबर एक छोटी टीपही हवी : काय चुकत होते, का चुकत होते, आणि हा बदल केल्यावर काय पडताळून पाहिले.

आता पारखणाऱ्याचे काम सुरू होते. तो विचारतो, ‘गैरहजर मुलांच्या रकान्यात काय असते? तेथे अंक नसला तर ही ओळ काय करील? अशीच तुलना तोंडी परीक्षेच्या भागातही आहे, ती बदलली का?’ हे प्रश्न तिला अडविण्यासाठी नाहीत. दुरुस्ती एका ठिकाणी आणि बिघाड दुसऱ्या ठिकाणी असे होऊ नये, यासाठी आहेत. ती ठिगळ सुधारून पुन्हा पाठविते. क्वचित तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही पाठवावे लागते.

शेताची राखण

लिनक्समध्ये हेच काम फार मोठ्या प्रमाणावर आणि शिस्तीने चालते. आज्ञावलीचे अनेक भाग पाडलेले असून प्रत्येक भागाला एक किंवा अधिक ‘मेंटेनर’, म्हणजे राखणदार नेमलेले आहेत. कोणत्या भागाचे राखणदार कोण, याची यादी आज्ञावलीतच ठेवलेली असते. ठिगळ ई-मेलने, सर्वांना वाचता येईल अशा रीतीने पाठवायचे असते. एका ठिगळात एकच बदल असावा, असा नियम आहे. कारण दहा गोष्टी एकदम बदलल्या, तर वाचणाऱ्याचे लक्ष दहा वाटांनी जाते. पाठविणाऱ्याने आपले नाव सहीसारखे खाली लिहायचे असते. ‘हे काम पाठविण्याचा मला हक्क आहे’ अशी हमी त्या नावाने दिली जाते. ही पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. ज्याने ठिगळ काळजीपूर्वक वाचले, त्याचे नाव ‘पारखणारा’ म्हणून, आणि ज्याने चालवून पाहिले, त्याचे ‘चाचणी घेणारा’ म्हणून त्याखाली येते. ही नावे आज्ञावलीच्या इतिहासात कायमची राहतात. या इतिहासाची वही नीट ठेवता यावी म्हणून टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ नावाचे साधन तयार केले. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि का बदलली, हे त्यात उलगडून पाहता येते.

लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी निघते. पहिले दोन आठवडे नवे बदल घेतले जातात. मग दार बंद होते आणि उरलेले आठवडे केवळ चुका काढण्यात जातात. म्हणजे घेण्यासाठी दोन आठवडे आणि निवडण्या-टिपण्यासाठी सात! एका आवृत्तीत हजाराहून अधिक लोकांचे मिळून दहा हजारांच्या घरात बदल असतात. हे प्रमाण लक्षात घेतले, म्हणजे राखणीला एवढे महत्त्व का, ते सहज कळते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लिनक्सवर काम करणारे सर्वच जण बिनपगारी स्वयंसेवक आहेत, असे नाही. आज त्यातील बहुतेक बदल इंटेल, गूगल, रेड हॅट यांसारख्या कंपन्यांत नोकरी करणारे अभियंते पाठवितात. पण कंपनीचे नाव मोठे म्हणून ठिगळ आपोआप आत जात नाही. नामांकित कंपनीतील अभियंता असो वा नववीतील विद्यार्थी, दोघांनाही ‘हे का केले?’ या एकाच प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

दार उघडे, पण पाहणारा कोण?

मुक्त आज्ञावली सर्वांना वाचता येते, म्हणून तिच्यात चुका टिकूच शकत नाहीत, असा एक समज आहे. तो धोक्याचा आहे. खिडकी उघडी आहे म्हणून कोणी आत डोकावतेच, असे नाही.

इंटरनेटवरून बँकेचे व्यवहार किंवा खासगी मजकूर जातो, तेव्हा तो सांकेतिक रूपात जावा यासाठी ‘ओपनएसएसएल’ नावाची मुक्त आज्ञावली असंख्य ठिकाणी वापरली जाते. तिच्यात एक सोय घालण्यात आली. समोरचा संगणक जागा आहे ना, हे पाहण्यासाठी त्याला एक शब्द पाठवायचा, शब्दाची लांबी सांगायची, आणि त्याने तोच शब्द परत पाठवायचा. ‘कमळ, तीन अक्षरे’ असे म्हटले की उत्तर ‘कमळ’. परंतु कोणी लबाडीने ‘कमळ, ६४ हजार अक्षरे’ असे म्हटले तर? सांगितलेली लांबी खरी आहे का, हे ताडून पाहणारी ओळ लिहायची राहून गेली होती. परिणामी संगणक ‘कमळ’ आणि त्यापुढे आपल्या स्मृतीत जे काही असेल, ते ६४ हजार अक्षरे भरेपर्यंत देऊन टाकी. त्यात कोणाचे संकेतशब्द असत, तर कोणाच्या गुप्त किल्ल्या.

हे ठिगळ एका स्वयंसेवकाने चांगल्या हेतूनेच लिहिले होते. पारखणाऱ्याच्या नजरेतूनही ती चूक सुटली. मार्च २०१२ मध्ये ती आवृत्ती बाहेर पडली, आणि चूक उघड झाली ती ७ एप्रिल २०१४ रोजी. दोन वर्षे जगाच्या तिजोरीला भगदाड होते, आणि भिंत काचेची असूनही ते कोणाला दिसले नव्हते. ‘हार्टब्लीड’ या नावाने ही घटना प्रसिद्ध आहे. त्या वेळी ओपनएसएसएलवर पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. जी आज्ञावली मोठमोठ्या कंपन्या फुकट वापरीत होत्या, तिच्या राखणीसाठी पैसा आणि माणसे द्यावीत असे फारसे कोणाला सुचलेच नव्हते. घटना घडल्यावर मात्र अनेक कंपन्यांनी मिळून अशा कामांसाठी निधी उभा केला.

दुसरी घटना याहून गंभीर आहे, कारण तेथे हेतूच वाईट होता. ‘एक्सझेड’ ही फाइल आटोपशीर करणारी छोटी आज्ञावली. अनेक वर्षे तिची राखण जवळजवळ एकच स्वयंसेवक फावल्या वेळात करीत होता. काम साचत होते, तो थकला होता. अशा वेळी एक अनोळखी मदतनीस पुढे आला. त्याने दोनएक वर्षे चांगली, उपयोगी ठिगळे पाठविली. त्याच सुमारास वेगवेगळ्या नावांनी काही जण राखणदाराला ‘काम फार संथ चालले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या’ असे टोचू लागले. अखेर मदतनिसाला अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याने तिच्यात एक चोरदरवाजा बसविला. तो उघडण्याची मेख त्याने सर्वांना दिसणाऱ्या मूळ मजकुरात ठेवलीच नव्हती. वाटण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात ती गुपचूप घातली होती. त्या नावामागे कोण होते, हे आजवर उघड झालेले नाही.

हा डाव फसला तो एका माणसाच्या चिकित्सक बुद्धीमुळे. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते दुसऱ्याच कामासाठी संगणकाचा वेग मोजीत होते. दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे त्यांना आढळले. ‘असेल काहीतरी’ म्हणून त्यांनी ते सोडून दिले नाही. ते माग काढीत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी तो चोरदरवाजा जगापुढे आणला. तोवर तो मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांतच पोहोचला होता; म्हणून मोठी हानी टळली.

या दोन्ही घटनांत लिहिणाऱ्यांची उणीव नव्हती; पारखणाऱ्यांची होती. एके ठिकाणी पुरेशा जोड्या डोळे नव्हते. दुसरीकडे एकट्या थकलेल्या राखणदाराचा कोणी गैरफायदा घेतला. आता तर यंत्रेच आज्ञावल्या लिहू लागली आहेत. मिनिटात शंभर ओळी मिळतात. पण त्या शंभर ओळी बरोबर आहेत की नाहीत, याची जबाबदारी शेवटी माणसालाच घ्यावी लागते. लिहिणे जितके स्वस्त होईल, तितके पारखणे महाग होत जाणार, हे उघड आहे.

आक्षेप आणि उत्तर

काही जण म्हणतील, ‘इतकी तपासणी केली तर नवशिका घाबरून पळून जाईल.’ या आक्षेपात तथ्य आहे. स्वतः टोरवाल्ड्स हे चुकलेल्यांवर अतिशय कठोर शब्दांत तुटून पडत. अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामापासून दूर राहिले. त्याच वेळी लिनक्सने सभ्य वर्तनाची नवी नियमावली स्वीकारली. त्यामुळे तपासणी सैल झाली नाही. शिवीगाळ तेवढी कमी झाली. ‘ही ओळ चुकीची आहे’ आणि ‘तू मूर्ख आहेस’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्याने काम सुधारते, दुसऱ्याने माणूस तुटतो.

दुसरा आक्षेप असा, की दुसऱ्याच्या चुका काढणे हे हलके काम आहे. खरी प्रतिभा नवे निर्माण करण्यात असते. मला हे मुळीच पटत नाही. सोने घडविणाऱ्याइतकाच ते कसोटीवर घासून पाहणाराही जाणकार असावा लागतो. दुसऱ्याचे लेखन वाचताना त्याच्या मनात काय होते, हे आधी समजून घ्यावे लागते. मग त्याने कशाचा विचार केला नाही, हे शोधावे लागते. हे काम अवघड आहे, आणि त्यात टाळ्या मिळत नाहीत.

आपल्या वर्गात

आता आपल्या शाळांकडे पाहू. आपल्याकडे वही तपासणे हे फक्त शिक्षकांचे काम. साठ वह्या, एक लाल पेन आणि एक रात्र! शिक्षक तरी किती पाहणार? आणि विद्यार्थी एकमेकांच्या वह्या पाहतात, ते बहुधा उतरवून घेण्यासाठी, तपासण्यासाठी नव्हे.

साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. २० आंदोलनांना लागणारा वेळ मोजून आपण गुरुत्वत्वरण काढतो. पुष्कळ मुले लंबक सोडतानाच ‘एक’ म्हणतात. मग ‘वीस’ म्हणेपर्यंत आंदोलने होतात एकोणीसच. एवढ्याशा चुकीने ९.८ ऐवजी उत्तर सुमारे १०.९ येते. मग वहीत ‘अपेक्षित’ उत्तर बसविण्यासाठी आकडे मागून जुळविले जातात, ही गोष्ट शिक्षकांना ठाऊक आहे आणि विद्यार्थ्यांनाही. त्याऐवजी शेजारच्याने वही हाती घेऊन विचारले, ‘सोडताना शून्य म्हणालास की एक? दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलीस ना?’ तर चूक सापडेल, आणि दोघांनाही ती जन्मभर लक्षात राहील.

माझी शिक्षकांना विनंती आहे, की महिन्यातून एक तरी प्रयोग असा तपासून घ्यावा. नियम लिनक्सचेच ठेवावेत : शेरा पेन्सिलीने आणि कारणासह लिहावा, एका शेऱ्यात एकच मुद्दा असावा, शेरा कामावर असावा, माणसावर नको, ज्याने लिहिले त्याने उत्तर द्यावे किंवा दुरुस्ती करावी, आणि शेवटी तपासणाऱ्याने आपले नाव लिहावे. नाव लिहिले, की जबाबदारी येते. पुढे चूक निघाली, तर ती दोघांची. यासाठी शाळेत संगणक असण्याचीही गरज नाही. विज्ञान प्रदर्शनात उपकरण करणाऱ्याच्या नावाशेजारी ते पारखणाऱ्याचे नावही लावावे. थोडे गुण त्यालाही द्यावेत.

ज्यांना प्रत्यक्ष मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात भाग घ्यावयाचा आहे, अशा मोठ्या मुलांना मराठीतही भरपूर वाव आहे. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारखी सॉफ्टवेअर मराठीत मिळतात. ‘फाइल’ला ‘धारिका’ म्हणावे, ‘संचिका’ म्हणावे, की ‘फाइल’च ठेवावे? एका ठिकाणी ‘जतन करा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘साठवा’ असे झाले आहे का? हे पाहण्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची आवश्यकता नाही. मराठी नीट वाचता आले पाहिजे आणि शंका विचारण्याचे धैर्य पाहिजे. येथेही नवे शब्द सुचविणाऱ्यांपेक्षा सुचविलेले शब्द पारखणारेच अधिक हवे आहेत.

‘मी काय नवे करू?’ असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. तो चांगलाच आहे. पण त्याच्या जोडीला ‘तुझे मी वाचून पाहू का?’ हा प्रश्नही विचारावयास शिकले पाहिजे. हार्टब्लीडच्या वेळी ज्या एका ओळीची उणीव होती, ती लिहिणे मुळीच अवघड नव्हते. ती राहून गेली आहे, हे वेळेवर सांगणारा मात्र कोणी नव्हता. बारभाईची शेती पिकते ती बारा जण पेरतात म्हणून नव्हे. बारांपैकी काही जण रात्री जागून राखण करतात, आणि बाकीचे त्यांच्या जागरणाची कदर करतात म्हणून.